राजीनामा, दोन प्रतींत

उर्दू मला येतं! कुणी शिकवलं न्हाय. औषधाच्या बाटल्या, मोटारीच्या पाट्या, पोस्टातले फलक आणि किराणावाल्यानं गूळ बांधून दिलेले कागद, एवढ्या भांडवलावर मी निजाम सरकारची भाषा पचवली. शाळेत मी तिसरीपर्यंत होतो. तिसरीच्या मास्तरानं छडी उगारली, ती मी हिसकावून घेतली, आणि तिथं माझी शाळा संपून विद्या सुरू झाली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात माझ्या उर्दूचा दोष होता असं आमचं सगळं मुरूम गाव म्हणतं. साफ खोटं! माझ्या उर्दूचा दोष नव्हता. उर्दूचाच होता!

सन फसली तेराशे बावन्नची, म्हणजे दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी मुरूमला कल्याणप्पांच्या आडतीवर मुन्शी होतो. मालकांची मराठी पत्रं लिहायची आणि आलेली वाचून दाखवायची, हे माझं काम. मालकांना कन्नड वाचता यायचं, तेही अक्षराअक्षरावर बोट ठेवून, ढेकूण दाबल्यासारखं. मराठी कागद मात्र त्यांनी उलटा धरला तरी त्यांना सुलटाच वाटायचा. सगळ्या आडतीत मराठी वाचणारा मी एकटा! उर्दू कागद मात्र ते मला दाखवत नसत. शेजारच्या वीरप्पाशी त्यांचा लिंबाच्या झाडावरून आठ वर्षं दावा चालू होता. त्याचे कागद घेऊन ते थेट तालुक्याला वकिलाच्या कारकुनाकडं जायचे. घरात विद्वान बसलेला असताना!

बसलेला म्हणजे पोत्यावर. हेच माझं दुःख. मुन्शी मी, पण खुर्ची न्हाय! बारा वर्षं ज्वारीच्या पोत्यावर बसून मी लिहीत होतो. तागाचं विणकाम मांडीवर उमटायचं. माझी बायको इरम्मा म्हणायची, "तुमची मांडी हाय का चटई?"

त्यात मालकांचा गुराखी पलटणीत भरती झाला. आणि मालकांची नजर माझ्यावर पडली.

"हणमंतप्पा, तू बसूनच असतोस सकाळी. चन्नीला ओढ्यावर नेऊन पाणी पाजून आण की."

चन्नी म्हणजे मालकांची म्हैस. अंगानं आडतीच्या दारापेक्षा दोन वीत रुंद, आणि स्वभावानं मालकांसारखीच.

"मालक," मी म्हटलं, "मी मुन्शी हाय. गुराखी न्हाय!"

"म्हशीला कुठं ठावं मुन्शी काय आन् गुराखी काय? ने की."

"आधी खुर्ची द्या!"

"आधी म्हैस ने!"

झालं! तीन महिने हाच वाद. रोज सकाळी ते म्हणायचे म्हैस, मी म्हणायचो खुर्ची. मधल्या मधी म्हशीला पाणी पाजत होत्या त्यांच्या बायको नागम्मा, आणि पाजताना माझ्या नावानं कन्नडमधनं काय काय बोलत होत्या. तेवढं कन्नड मला येतं, म्हणून इथं लिहीत न्हाय.

अशातच बाजारात भिंतीवर एक जाहिरात झळकली. लातूरला 'गुलशन-ए-दख्खन तेल व साबण कंपनी लिमिटेड' या नावाचा नवा कारखाना निघाला होता आणि त्यांना मराठी-उर्दू जाणणारा अहलकार पाहिजे होता. अहलकार! म्हणजे कारकूनच, पण म्हणताना छाती दोन बोटं वर येते की न्हाय बघा! आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं, 'मेज-कुर्सी कंपनी की तरफ से'. मी भिंतीला पाठ लावून दहा मिनिटं उभा राहिलो. वाटलं, बसलोच!

अर्ज ठोकला. आणि सुरू झाली कंपनी सरकारची चाल! दोन महिन्यांनी पत्र आलं. काय होतं त्यात? 'अर्ज पोचला.' अरे, पोस्टात टाकल्यावर पोचणार न्हायतर काय ओढ्यावर पाणी प्यायला जाणार? पुढं महिन्यानं दुसरं पत्र : वयाचा दाखला पाठवा. पाटलानं दाखला दिला, 'जन्म प्लेगच्या साली.' त्यावर सहा आठवड्यांनी कंपनीची विचारणा, 'कोणता प्लेग?' मी चिडून लिहिलं, 'ज्यात मी मेलो न्हाय तो!' दीड महिना उत्तर न्हाय. मग आलं : चालचलनाचा दाखला पाठवा, सध्याच्या मालकाच्या सहीचा.

आली का पंचाईत! मालकांना सांगू कसं की तुम्हाला सोडून जायला तुमचीच सही द्या? पण मी भिणारा माणूस न्हाय. मी स्वतःच दाखला लिहिला, 'हणमंतप्पा हे अत्यंत विद्वान, निर्भीड व खुर्चीस योग्य आहेत', आणि मालकांपुढं ठेवला.

"काय लिहिलंय रे?" मालकांनी विचारलं.

"सोलापूरच्या व्यापाऱ्याला खुशालीचं पत्र."

"आमची म्हैस बरी हाय म्हणून लिव्ह." आणि कन्नडमधनं सही ठोकली.

तेव्हा मला फार हसू आलं होतं. हे हसू लक्षात ठेवा.

असे नऊ महिने गेले. नऊ महिन्यांत बाई बाळंत होते. कंपनीची एक चिठ्ठी निघत न्हाय! आणि एके दिवशी दुपारी टपालवाल्यानं लाल शिक्क्याचा लिफाफा हातात दिला. उर्दू! तेही घसटत लिहिलेलं, वाऱ्यानं वाळवणावरच्या शेवया उडाव्यात तसं. पण मी डोळे ताणून वाचलं. दर तिसरा शब्द लागला. '...आपका... मंजूर... अपना राजीनामा... फौरन... रवाना...' बाकीचे शब्द मी माझ्या अकलेनं भरले. मंजूर! माझी नेमणूक मंजूर! आणि जुन्या नोकरीचा राजीनामा दिलाय याचा पुरावा फौरन धाडा!

मी उडी मारली ती थेट खाजाभाईच्या दुकानात. खाजाभाई म्हणजे आमच्या बाजारातला शिंपी, माझा जिवाचा दोस्त.

"खाजाभाई, कोट शिवा! अहलकाराचा!"

"मुबारक, मुन्शी! खत दिखाव तो, क्या लिखा हाय?"

"का? मला वाचता येत न्हाय?"

"तसं न्हाय रे, मैं तो सिर्फ—"

"कोटाचं माप घ्या!"

त्यानं माप घेतलं. पण माणूस विचारी. म्हणाला, "मुन्शी, बारा साल की नोकरी हाय. सोडायच्या आधी नीट तोलून बघ."

"तोलून?" मला कल्पना फारच आवडली. "चला!"

मालक तालुक्याला गेलेले. आडतीवरचा मोठा काटा रिकामाच होता. एका पारड्यात जुनी नोकरी, दुसऱ्यात नवी! मी वजनं ठेवायला लागलो. नव्याकडं खुर्ची : पाच शेर. मेज : दोन शेर. अहलकार हा शब्द : एक शेर.

खाजाभाई जुन्याकडं ठेवायला लागला. "स्वतःचं घर, चार शेर. इरम्माभाभीचं माहेर दोन कोसावर, तीन शेर. नागम्माच्या हातची सोमवारची हुग्गी, वो गव्हाची खीर..."

"हुग्गीला अर्धा शेर!"

"अरे तू दो दो बार मांगके खाता! दोन शेर!"

जुनं पारडं खाली जायला लागलं. मी नव्या पारड्यावर कोपर टेकलं.

"हात उठाव, मुन्शी!"

"तो हात न्हाय, माझा अपमान हाय! बारा वर्षांचा! त्याला वजन न्हाय व्हय?"

नवं पारडं धाडकन जमिनीला लागलं. निकाल लागला!

संध्याकाळी मी राजीनामा लिहायला बसलो. सज्जनहो, तसा राजीनामा हिंदुस्थानात झाला नसेल! चार पानं! 'मालक, तुमच्या दारी मी माणूस म्हणून आलो, तुम्ही मला म्हशीचा नोकर करायला निघालात! तुमच्या मिशीला जे तूप लागतं ते माझ्या शाईचं आहे! तुमच्या हाताखाली मी आता एक घटकाही राहणार नाही. तुमची म्हैस तुम्हाला लखलाभ!' एक प्रत मालकांना, एक कंपनीला. खाजाभाईला मी तो तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा तो माझ्या बरोबरीनं म्हणत होता.

इरम्माला दाखवला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "लातूरला आमी न्हाय येत आत्ता. आधी खुर्ची बघून या. बसून बघा. मग बोलवा."

"माझ्यावर भरवसा न्हाय तुझा?"

"तुमच्यावर हाय. तुमच्या उर्दूवर न्हाय."

मी तिथनं उठलो. कंपनीची प्रत टपालात टाकली आणि कोट शिवून होईपर्यंत, म्हणजे सहा दिवस, मालकांच्या तोंडावर करायचं भाषण पाठ केलं. सातव्या दिवशी कोट घालून, ट्रंक घेऊन, आडतीवर गेलो. मालक पुन्हा तालुक्याला, तारखेला! इतकं पेटलेलं भाषण, आणि समोर फक्त चन्नी! मी तिलाच पहिल्या दोन ओळी ऐकवल्या. तिनं मान फिरवली. मग नागम्मा बाहेर आल्या.

"नागम्मा, हा घ्या राजीनामा! मालकांच्या हातात द्या. म्हणावं, हणमंतप्पा गेला!"

"राजीनामा?" त्यांनी कागद दोन्ही हातांत घेतला आणि एकदम प्रसन्न हसल्या. "देवा शिवा! बरं झालं रे बाबा!"

एवढा आनंद? बारा वर्षं इमानानं राबलेला माणूस चाललाय आणि ही बाई देवाचे उपकार मानते! मी दातओठ खात मोटारीत चढलो.

लढाईमुळं पेट्रोल न्हाय, मोटार कोळशाच्या गॅसवर. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं आणि ढकलायचं. म्हणजे लातूरला मी निम्मा चालतच गेलो, तेही मोटारीचं तिकीट काढून! पण उरात नगारे वाजत होते. खुर्ची! खुर्ची! खुर्ची!

कंपनीच्या कचेरीत मोठे अहलकार होते. पांढरी दाढी, तोंडात पान, बोलणं लोण्यासारखं. मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला.

"अच्छा! आप वही भैंसवाले साहब?"

"भैंसवाले?"

त्यांनी फाइल उघडली. "आपका खत आया. मराठी से उर्दू तर्जुमा हुआ. मॅनेजरसाहब के सामने पढा गया. 'तुम्हारी मूंछ को जो घी लगता है...' जनाब, हमारे मॅनेजरसाहब को मूंछ है. बडी है."

मी नव्या कोटाचं वरचं बटण सोडलं.

"फिर आपने लिखा, 'मुझे भैंस का नौकर बनाया'. तीन दिन तहकीक हुई. कारखाने के अहाते में कोई भैंस नहीं पाई गई. एक बकरी मिली, वो चौकीदार की थी. उसको निकाल दिया."

"अहो, ते पत्र तुम्हाला न्हाय! माझ्या मालकाला हाय!"

"तो हमको क्यूं भेजा?"

"तुम्हीच मागितलंत! हे बघा, राजीनामा!"

त्यांनी माझा कागद बघितला, मला बघितलं, आणि हळू आवाजात, दवाखान्यात बोलतात तसं म्हणाले, "जनाब, राजीनामा यानी रजामंदी. आप हमारी शर्तों पर राजी हैं, इतनी एक सतर, बस एक लाइन, लिखकर भेजनी थी. नौकरी छोडने का जो कागद होता है, उसको इस्तिफा कहते हैं."

सज्जनहो, मी आजही विचारतो! ज्या कागदावर माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त नाराज असतो, त्याला मराठीत राजीनामा म्हणायचं? कुणी ठेवलं हे नाव? आणा त्याला समोर! मी त्याला म्हशीपुढं उभा करतो!

"मग आता?" मी विचारलं.

"आता जागा भर गई. आपके बाद जिनका नाम था, वो कल हाजिर हो गए."

नोकरी द्यायला नऊ महिने, आणि काढून घ्यायला सहा दिवस! कोपऱ्यात बघितलं. मेज होतं. खुर्ची होती. हाताची! आणि तिच्यावर एक बारकासा माणूस बसला होता, भिऊन, अंग चोरून. मला राहवलं न्हाय. जवळ गेलो.

"कशी हाय?"

"डुगडुगतीय," तो म्हणाला.

"पुन्हा अर्ज कीजिए," मोठे अहलकार मागनं म्हणाले. "नौ-दस महीने लगेंगे. इस दफा भैंस का जिक्र मत कीजिए."

परत येताना मी मोटार ढकलायलाही उतरलो न्हाय. ड्रायव्हर ओरडला, मी म्हटलं, मला इथंच ठेवून जा. कुठल्या तोंडानं मुरूमला जाऊ? निम्म्या बाजाराला मी 'या कधी लातूरला, खुर्चीवर बसून बोलू' असं सांगून ठेवलेलं! नोकरी गेली, इरम्मा आता माहेर गाठणार, आणि आडतीवर माझी चार पानं! मालकांनी कुणाकडनंतरी वाचून घेतली असली तर मला उभा कापतील.

घरात पाऊल टाकलं. इरम्मानं माझा चेहरा बघितला. कोनाड्यातनं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. पितळेची घंटा. नवी कोरी!

"हे काय?"

"तुमची नवी नोकरी."

"म्हंजे?"

"तुमी गेल्यावर मालक स्वतः आले होते. हातात तुमचा कागद, डोळ्यांत पाणी. म्हणले, 'इरम्मा, हणमंतप्पानं राजीनामा लिहून दिला! आठ वर्षं मी वीरप्पाच्या मागं लागलोय राजीनामा दे, राजीनामा दे म्हणून, त्यानं दिला न्हाय. आन् आपल्या पोरानं न मागता दिला!' कोर्टात तडजोडीच्या कागदाला राजीनामा म्हणतात म्हणं. त्यांना वाटलं, तुमी म्हशीचं काम कबूल केलं. विचारायला लागले, गेला कुठं? मी म्हटलं, म्हशीला घंटा आणायला लातूरला गेलेत. मग ही इथल्याच बाजारातनं आणून ठेवली."

निजामाच्या राज्यात एक तरी हुशार अहलकार असेल, तर तो माझ्या चुलीपुढं बसला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा घेऊन आडतीवर गेलो. मालकांनी मला पोटाशी धरलं. खाजाभाई बसलेलाच होता. त्याला मालकांनी साक्षीदार म्हणून बोलावलेलं. मालकांनी देव्हाऱ्यातनं कागद काढला. माझी चार पानं! वर विभूतीचं बोट ओढलेलं!

"वाच," मालक म्हणाले. "तुझ्या तोंडानं वाच. मला अक्षर अन् अक्षर ऐकायचंय."

मी कागद धरला. माझाच कागद, माझंच अक्षर! 'तुमच्या मिशीला...' डोळ्यांपुढं होतं. तोंडानं निघालं, "मालक... तुमच्या मिशीला... देवानं दीर्घायुष्य द्यावं."

खाजाभाईला ठसका लागला.

"तुमच्या दारी मी माणूस म्हणून आलो... आणि तुम्ही मला... म्हशीसारखंच जपलंत."

"व्हय रे!" मालकांचे डोळे पुन्हा भरले.

"तुमच्या हाताखाली मी एक घटकाही... रिकामा बसणार न्हाय. तुमची म्हैस... ती माझीच म्हैस."

खाजाभाई आता भिंतीकडं तोंड करून हलत होता. मालकांना वाटलं रडतोय. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चार पानं," नागम्मा दारातनं म्हणाल्या. "आन् वाचलं एवढंसंच?"

"बाकी सगळी तुमच्या हुग्गीची तारीफ हाय," मी म्हटलं. "ती वाचायला लाज वाटते."

त्या दिवशी मला हुग्गी तीनदा वाढली. आणि मालक दिलेल्या शब्दाला पक्के. तडजोडीतली त्यांची बाजू त्यांनी महिन्याच्या आत पाळली. सुतार बोलावून, बाभळीच्या लाकडाची, हाताची खुर्ची करून घेतली. एकदम भक्कम, जरा म्हणून डुगडुगत न्हाय!

ठेवलीय गोठ्यात. धार काढताना वाकावं लागतं म्हणून, जरा बुटकी केलीय.

तिच्यावर बसूनच हे लिहितोय. भीती न्हाय, मालक हे वाचणार न्हायीत. पण ती चार पानं अजून देव्हाऱ्यातच हायेत, आणि आल्यागेल्या शिकल्यासवरल्या पाहुण्याला मालक ती कौतुकानं काढून दाखवतात. तेव्हा निर्भीड माणसाची एकच विनंती. कधी मुरूमला आलात, कल्याणप्पांच्या आडतीवर टेकलात, आणि त्यांनी विभूती लावलेला कागद पुढं करून "जरा वाचा की" म्हटलं, तर पाया पडतो तुमच्या, चष्मा घरी राहिला म्हणा!